तपासणीचे साहेब

वीजघराच्या डिझेल इंजिनाच्या धुराने नर्मदेच्या आठ महिन्यांच्या लेकीला खोकला धरला होता, आणि दोरीवरची दुपटी वाळता वाळता काळी होत होती. तिने तीन अर्ज केले. तिन्ही वेळा रत्नागिरीहून तपासणीचे साहेब आले, पण ते येणार हे वीजघराच्या मॅनेजर लवूभाईंना कुठूनतरी आधीच कळायचं. त्या दिवशी इंजिन बंद, आकाश निळंशार, आणि साहेबांच्या कागदावर शेरा, "धूर आढळला नाही."

चौथा अर्ज नर्मदेने लिहिलाच नाही. बांगडे निवडता निवडता ती मासेवाल्या हौसाबाईला हळूच म्हणाली, "उद्या सायब येतले म्हणे. कोणाक सांगू नको हां!"

हौसाबाईची पाटी रिकामी होण्याआधीच बातमी वीजघरात पोचली. दुसऱ्या दिवशी इंजिन गप्प, आणि लेक दुपारभर शांत झोपली. मग साहेब सोमवारी येणार होते, गुरुवारी येणार होते, शनिवारी तर अगदी नक्की.

महिन्याभराने लवूभाई स्वतःच तिच्या घरापुढच्या खळ्यात येऊन उभे राहिले.

"वयनी, तुमका सगळा आधी कळता म्हणान इलय. सायब नक्की कधी येतले, ता एकदा सांगा. बर्फाचो कारखानो बंद पडता, मासे कुसतत, लोक माका मारूक उठले!"

नर्मदेने लेकीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"धुराडा वीस फूट वर न्या, भाईनू. मगे सायब येवचे नाय. माझो शब्द!"