अख्खी सीट

सकाळी अकरा वाजता सोलापुरात महिपतींनी गाडी निवडली. डाळिंबं परदेशी पाठवणाऱ्या त्यांच्या लेकीने, पिंकीने, दोन स्पोर्ट्स कार समोर उभ्या केल्या होत्या. एक मोठी कूपे, दुसरी छोटी, उघड्या छताची.

“अण्णा, मोठी घ्या की. मागं आनी दोघं बसत्यात.”

“आन् ह्या बारकीत?”

“आपण दोघंच.”

“मग हीच! चौदा मानसं कोंबून तीस वर्सं वडापची जीप चालवली. डायवरची अख्खी शीट एक दिवस मिळाली न्हाय.”

साडेअकराला गाडी सांगोल्याच्या रस्त्याला लागली. महिपती ऐसपैस बसून चालवत होते. नाक्यावर एका बाईने हात केला.

“अण्णा, जागा कुटं हाय?” पिंकी ओरडली.

तोवर महिपतींचा पाय ब्रेकवर गेला होता.