चोविसाव्या झग्याचं काज

तेवीस झगे शिवून, इस्त्री करून कपाटात ठेवले होते. चोविसाव्याला गळ्यापाशी एक काज करून बटण लावायचं तेवढं राहिलं होतं. त्याला अकरा महिने झाले होते.

"मुनव्वर," शांतवनमामा पायरीवरनंच ओरडले, "जगाचा न्याय तुझ्या एका काजासाठी अडलाय!"

"पुढच्या शुक्रवारी देतो, मामा." मुनव्वर टेलरने मशीनवरची मान उचलली नाही.

"मागल्या शुक्रवारीबी हेच म्हणालतास."

"मागल्या शुक्रवारी लाइट नव्हती."

शांतवनमामा एसटीत कंडक्टर होते. सत्तावीस वर्षं गारगोटी गाडीवर. लांबून कुणी पळत येताना दिसलं की ते डबल बेल द्यायचे नाहीत, त्यामुळे ती गाडी रोज वीस मिनिटं उशिरा पोचायची. रिटायर झाल्यावर ते संदेष्टे झाले. दर रविवारी त्यांच्या घरी तेवीस माणसं प्रार्थनेला जमायची. मामांना दर्शन झालं होतं की चोवीस पांढरे झगे तयार झाले, की स्वर्गात कर्णा वाजेल आणि न्यायाचा दिवस सुरू होईल. लोकांनी तारीख विचारली तेव्हा मामांनी मुनव्वरची पावती दाखवली. पावतीवर पंधरा जून होतं. ते खोडून दिवाळी झालं. मग नाताळ. मग ईस्टर.

शेजारच्या बँड कंपनीत ट्रम्पेट वाजला. मामा दचकले आणि बाहेर डोकावले.

"जोतीराम, तुझाच न्हवं?"

"माझाच की, मामा! कोडोलीची वरात हाय."

मामांनी श्वास सोडला. हे दर वेळी व्हायचं.

त्यांच्याबरोबर आलेल्या राजनंदिनीबाई रागानं पायऱ्या उतरून गेल्या. त्या तेविसांतल्याच एक, रिटायर शिक्षिका; उशीर त्यांना खपत नसे. त्या लांब गेल्यावर मामा मशीनजवळ वाकले आणि हळूच म्हणाले, "सावकाश होऊ दे रं. घाई न्हाय."

मुनव्वरची मुलगी आफशीन कोपऱ्यात कापडाच्या कडांना ओव्हरलॉक मारत होती. तिनं ऐकलं.

"अब्बा, ही काय भानगड हाय?"

"भानगड कसली? झगे दिले, दिवस उजाडला आणि कायच झालं न्हाय, तर म्हातारा तोंड कुठं दाखवणार? टेलरनं उशीर केला म्हटलं की कुणाला शंका येत न्हाय."

"म्हणजे ते खोटं बोलतात आणि बदनामी आपली?"

"आपली आधीच हाय की," मुनव्वर म्हणाला आणि सुईत दोरा ओवू लागला.

आफशीनला हे परवडणारं नव्हतं. राजनंदिनीबाईंनी इंटरनेटवर दुकानाला एक स्टार दिला होता. खाली लिहिलं होतं: 'शिलाई चांगली, परंतु यांच्यामुळे देवाचा न्याय चार वेळा पुढे गेला.' आणि आफशीनला एका शाळेचे तीनशे युनिफॉर्म मिळत आले होते. तिनं स्वतः मिळवलेली पहिली ऑर्डर. शाळेच्या मॅडमनी फोनवर विचारलं, "तुमच्यामुळे न्याय रखडलाय म्हणे. आमचं जूनला मिळेल ना?" शुक्रवारपर्यंत तो रिव्ह्यू गेला नाही, तर ऑर्डर दुसरीकडे जाणार होती.

शुक्रवारी दुपारी मुनव्वर जुम्म्याच्या नमाजाला गेला. आफशीननं चोविसावा झगा काढला. काज करून बटण लावायला तिला चार मिनिटं लागली. मग तिनं राजनंदिनीबाईंना फोन केला.

बाई रिक्षानं आल्या. मामांना घेऊनच आल्या.

"चोवीस हायत, मामा. मोजून घ्या," आफशीन म्हणाली.

मामांनी मोजले. परत मोजले. मग वरचा झगा उलगडून गळ्याशी चाचपला.

"काज कुणी केलं?"

"मीच केलो."

"बटण पांढरं न्हाय, मोतिया हाय. उसव आणि बदल."

"चालतंय की, मामा!" बाई म्हणाल्या. त्यांनी मोबाइल काढला, तिथंच रिव्ह्यू पुसला आणि आफशीनला दाखवला. डोळ्यांत पाणी आणून त्यांनी आपला झगा साडीवरच चढवला. मापात बसला.

"लांबीला जास्त झालाय," मामा म्हणाले. "अर्धा इंच आत घ्यायला पायजे. सगळेच. दोन महिनं लागतील की न्हाय?"

"अर्धा तास," आफशीन म्हणाली.

मामा गिऱ्हाइकाच्या बाकावर बसले. म्हातारा पकडला गेला, आफशीनला वाटलं. तिला जरा वाईटही वाटलं. बाई बाकीचे झगे रिक्षात ठेवायला गेल्या, तशी ती हळू आवाजात म्हणाली, "मामा, उद्या कायच झालं न्हाय तर सांगा की, माझी शिलाई उसवली म्हणून. मी आळ घेतो माझ्यावर."

मामांनी नाही म्हणून मान हलवली.

"अकरा महिनं ऐकलं त्यांनी माझं," ते म्हणाले. "दर वेळी सांगायचो, टेलर कपडं देईना, मी काय करू? दर वेळी म्हणाले, बरं, थांबू."

"कोण म्हणालं?"

मामा उठले. दारात येऊन एक हात चौकटीला धरून उभे राहिले आणि रस्ता दोन्ही बाजूंनी लांबपर्यंत बघू लागले, कुणी पळत येतंय का ते.

तेवढ्यात ट्रम्पेट वाजला. एकच सूर, लांबलचक. कपाटाच्या काचा थरथरल्या.

या वेळी मामा दचकले नाहीत आणि त्यांनी विचारलंही नाही. म्हणून आफशीनच बाहेर डोकावली.

जोतीराम रस्त्याच्या मधोमध उभा होता. एका हातात चहाचा ग्लास, काखेत ट्रम्पेट. तो वर बघत होता.

"ताई," तो म्हणाला, "ह्यो माझा न्हाय."