झऱ्याची मोजणी

मोजणीसाहेबांनी कपारीच्या ओठाशी बाटली धरली आणि घड्याळ लावलं. मिनिटाला लिटरभर आलं तर झरा, नाहीतर नुसता दगड. झरा असला तर पठारावरच्या चराईचा परवाना पुढे चालू. दगड असला तर मेंढरं घेऊन पायथ्याला उतरायचं. पायथ्याला गवत नव्हतं, पण तो विषय दुसऱ्या खात्याकडे होता.

बाटलीत काही आलं नाही.

येणार कुठून? कपार भरली तरच ओठावरून धार लागते. आणि सकाळी टेपाडावर जीप दिसताच म्हाताऱ्या मेंढपाळाने सुनेला सांगितलं होतं, "साहेब येतायत. पाण्याला कमी पडू देऊ नकोस." तिने रात्रभर साठलेलं पाणी तळापर्यंत उपसलं. साहेबांनी चहा घेतला, मग पाय धुतले. ड्रायव्हरने जीपला पाजलं आणि उरलेल्यात काच धुतली. काचेतून आता पठार लांबवर दिसत होतं. पिवळं, सपाट, मध्येच एखादा सुळका, कुणीतरी विसरून गेल्यासारखा.

"उद्यापर्यंत भरतो साहेब," सून म्हणाली. "उद्या बघा."

"उद्या आम्ही दुसऱ्या पठारावर."

"मग संध्याकाळी तरी..."

"ताई, झऱ्याने वेळ पाळायला नको?"

ड्रायव्हर हसला. म्हाताराही हसला. पाहुण्याच्या विनोदाला हसायची रीत होती.

साहेबांनी रकान्यात 'कोरडा' लिहिलं. "बाबा, पंच म्हणून अंगठा द्या. इथलाच माणूस लागतो."

"म्हणजे पाणी नाही असं मी म्हणायचं?"

"तुम्ही काहीच म्हणायचं नाही. नुसता अंगठा."

म्हाताऱ्याने अंगठा शाईच्या पॅडवर दाबला, मग कागदावर. काही उमटलं नाही. पॅड उन्हाने वाळून खडखडीत झालं होतं. ड्रायव्हरने त्यावर फुंकर मारून पाहिली.

सून कपारीपाशी गेली. पालथी पडून तिने हात खांद्यापर्यंत आत घातला. बऱ्याच वेळाने उठली आणि अर्धा पसा पाणी घेऊन आली, थेंबही न सांडता.

"हे बघा," ती म्हणाली. "आलं."

"बरं झालं," साहेब म्हणाले आणि पॅड पुढे केलं.

तिने सासऱ्याकडे पाहिलं. तो पॅडकडे पाहत होता. तिने हात कलता केला.

ठसा छान उमटला. एकेक रेष मोजता येत होती.