ताठ उभी राहणारी सॅक

लॅपटॉपच्या सॅकमध्ये काय सुधारणा करता येतील, असं प्यो साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, तेव्हा दाइनने एकच सुचवली. सॅक रिकामी असली तरी भरलेली दिसावी आणि आधाराशिवाय ताठ उभी राहावी.

"ते कशाला?"

"मेट्रोत पायाशी ठेवली की कलंडते, सर."

साहेबांनी जागच्या जागी मंजुरी दिली.

सेऊलमधल्या त्या बॅग कंपनीच्या ऑफिसात साहेब उठल्याशिवाय कुणी उठत नसे आणि मोठे साहेब गेल्याशिवाय साहेब उठत नसत. नमुन्याच्या सॅक तयार होऊन आल्या, नेमकी त्याच दिवशी दाइनच्या वडिलांची साठी होती. सहा वाजता तिने एक सॅक आपल्या खुर्चीवर उभी केली, खुर्चीच्या पाठीला कोट अडकवला आणि पावलं न वाजवता लिफ्ट गाठली. दार मिटता मिटता कुणीतरी घाईघाईने आत शिरलं. प्यो साहेब! बाहेर एवढी थंडी, आणि अंगात कोट नाही, हातात बॅग नाही.

दाइन घाईघाईने म्हणाली, "सर, मी जरा खाली..."

"छान झालीय तुझी सॅक," साहेब हळूच म्हणाले. "माझ्या खुर्चीवरचीसुद्धा मस्त उभी आहे. आता एवढी एकच सुधारणा कर. मोठे साहेब सातला फेरी मारतात, तेव्हा ती एकदा तरी खोकली पाहिजे."