विनोदसम्राट कळंबकर

"लोकं हसतील का रं?" कन्हेरी सोडल्यापासून लीलाबाई पुन्हा पुन्हा हेच विचारत होत्या.

"पोट धरून हसतील आज्जी. तू नको काळजी करू," सौरभ गाडी चालवता चालवता म्हणाला. खरं तर त्याचाच जीव टांगणीला लागला होता.

लीलाबाईंचे वडील, म्हणजे सौरभचे पणजोबा, सर्जेराव कळंबकर. मूकपटांच्या काळात त्यांनी एकच सिनेमा काढला, त्यात कामही स्वतःच केलं, आणि गावोगावच्या तंबूंत माणसं हसून हसून लोळली. तेवढ्या पुण्याईवर सर्जेराव आजही विनोदसम्राट होते. पुढं त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही. याहून विनोदी काही होणं नाही हे त्यांनी ओळखलं होतं, असं सौरभ भाषणांतून ठोकून द्यायचा. सिनेमा मात्र त्यानंही पाहिला नव्हता.

आता त्या सिनेमाची रिळं सापडली होती. मधल्या मजकुराच्या पाट्या पार पुसलेल्या, पण चित्रं शाबूत. आज इंदापुरात खेळ, आणि नंतर सभागृहाला सर्जेरावांचं नाव. लोक हसलेच नाहीत तर? पणजोबांची सगळी कीर्ती एका संध्याकाळी मातीत जायची. त्यात निघेपर्यंत आज्जीचं एकच, "मी न्हाय येत."

दिवे मालवले. पडद्यावर सर्जेराव तान्हं पोर छातीशी धरून दारोदार दूध मागत निघाले. एक दार नाकावर आपटलं. म्हशीनं लाथ घातली. कसंबसं मिळालेलं दूध धोतरात पाय अडकून सांडलं, तसे ते चिखलात बसकण मारून ऊर बडवू लागले.

सभागृहात हशा मावेना. पुढच्या रांगेतला एक जाडजूड गृहस्थ तर खुर्चीतून घसरलाच. सौरभनं सुटकेचा निःश्वास सोडला. शेजारी आज्जी पदरानं डोळे पुसत होती. "बघ, तुलासुद्धा आवरंना!" तो म्हणाला.

दिवे लागले. संयोजक सुयोगरावांनी लीलाबाईंपुढे माईक धरला. "आज्जी, विनोदसम्राटांची एखादी गंमत सांगा की."

मागं अजून खसखस चालूच होती.

"ती तान्ही पोर मी हाय," लीलाबाई म्हणाल्या. "मला जन्म दिऊन आई गेली, तवा आबा दुधासाठी असंच फिरलं व्हतं. लोकास्नी रडू यावं म्हणून काढला व्हता त्यांनी ह्यो शिनिमा."