एक तरी मळका कपडा

"अहो, एक तरी मळका कपडा द्या!" श्वानपथकाच्या हवालदाराने तिसऱ्यांदा सांगितलं.

शेजारच्या शिलाईवाल्या मावशींनी तिसऱ्यांदा एक फ्रॉक त्याच्या हातात ठेवला. धुतलेला, इस्त्री केलेला, वर चौकोनी घडी घातलेला. हवालदाराने तो नाकाशी नेला. नुसता साबण. तरी त्याने तो ठमीपुढे धरला. ठमी म्हणजे त्याची कुत्री. भल्याभल्या चोरांचा माग काढलेली. तिने फ्रॉक हुंगला, दोनदा शिंकली आणि तोंड फिरवून बसली.

चार वर्षांची बिट्टी काल दुपारपासून बेपत्ता होती. आईला ताप होता, तिचा डोळा लागला, दाराची कडी उघडी राहिली आणि पोरगी बाहेर पडली. हकिकत एवढीच. पण जिना चढेपर्यंत ती हवालदाराला चौघांनी चार तऱ्हांनी ऐकवली होती. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणी त्याला चहा देत होतं, कुणी ठमीला बिस्किट. एका काकांनी तर कुत्र्याला कसं शिकवायचं असतं, हेही त्याला समजावून सांगितलं. माणसांपेक्षा कुत्री बरी, असं हवालदाराला एरवीही वाटायचं. आज खात्रीच पटली.

"उशीचा अभ्रा?"

"धुतला."

"चादर?"

"वाळतेय."

"गादी?"

"गच्चीवर, उन्हात."

"मोजे, टोपी, रुमाल, काहीतरी असेल ना!"

मावशींनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. दोरीवर बिट्टीचं अख्खं कपाट वाळत होतं. बूटसुद्धा नाड्यांनी टांगले होते. कंगव्यात एखादा केस मिळेल म्हणून हवालदाराने कंगवा मागितला, तर तोही घासून लख्ख केलेला.

"कुणी धुतलं हे सगळं?" त्याचा आवाज चढला.

खुर्चीत बसलेल्या बिट्टीच्या आजीने मान वर केली. बिट्टीच्या वडिलांनी हातातला मोबाइल खाली ठेवला.

"मी," शिलाईवाल्या मावशी म्हणाल्या.

"चादरी मी धुतल्या," वरच्या मजल्यावरच्या काकू पुढे झाल्या.

"बूट मी," बालवाडीच्या ताई म्हणाल्या. "आणि कंगवापण."

बक्षीस वाटायला घेतल्यासारख्या तिघी पुढे सरसावल्या होत्या. हवालदाराने कपाळावर हात मारून घेतला.

"शाबास! पोरीचा वास तेवढा राहिला होता या घरात, तोही तुम्ही तिघींनी मिळून घालवलात! सांगितलं कुणी होतं तुम्हाला? शेजाऱ्याचं घर दिसलं की आवरायलाच घ्यायचं? तिकडे पोरगी कुठे असेल, कशी असेल, आणि तुम्ही इथे इस्त्र्या कसल्या करत बसता!"

तिघींनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

आजीला मात्र जोर चढला. "बघा ना, साहेब! आधी आमच्या सूनबाईंना साधी कडी लावता आली नाही, आणि आता या शेजारणी. सगळ्याजणी पोरीच्या मुळावर उठल्यात नुसत्या!"

बिट्टीच्या वडिलांनी फक्त बायकोकडे पाहिलं. ती नजर बघून हवालदारालाच अवघडल्यासारखं झालं. बिट्टीची आई भिंतीला टेकून, हात काखेत दाबून बसली होती. तिने दोनदा काही बोलायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा काकूंनी तिचा खांदा घट्ट दाबला आणि ती गप्प झाली.

"साहेब," बालवाडीच्या ताई एकदम म्हणाल्या, "शाळेत तिची झोपायची उशी आहे. आम्ही उशा शनिवारीच धुतो. ती तशीच असेल."

"मग उभ्या काय राहिलात?"

ताई धावतच गेल्या. दहा मिनिटांत घामाघूम होऊन परतल्या, पिशवीत गुंडाळलेली उशी घेऊन. उशीवर वाळलेल्या लाळेचा चांगला तळहाताएवढा डाग होता. तो डाग बघून हवालदाराला इतका आनंद झाला, की त्याला स्वतःचीच गंमत वाटली. ठमीने उशीत नाक खुपसलं. तिचे कान उभे राहिले आणि ती पट्टा ओढत जिन्याकडे निघाली.

खाली फाटकापाशी ती जमीन हुंगत घुटमळत होती, तेवढ्यात शिलाईवाल्या मावशी पाण्याची बाटली घेऊन आल्या. बिट्टी सापडली की तिला तहान लागलेली असेल, म्हणाल्या. हवालदाराने बाटली घेतली, पण त्याचा राग काही उतरला नव्हता.

"मावशी, स्पष्ट बोलतो. तुमच्या या मायेपायी आमचा अर्धा तास फुकट गेला. यापुढे कुणाकडे असं काही झालं, तर हात बांधून बसा."

मावशींनी वर खिडकीकडे पाहिलं. खिडकीत कुणी नव्हतं. तरी त्यांनी आवाज खाली आणला.

"आम्ही सकाळी आलो तेव्हा सगळं आधीच दोरीवर होतं, साहेब. बिट्टीची आईच धूत बसली होती. पोर आली की तिला स्वच्छ कपडे हवेत, म्हणत होती. अंगात ताप, हात पार सोलवटलेत तिचे. आम्ही फक्त इस्त्री केली."

हवालदार बघतच राहिला. "मग मघाशी वर का नाही सांगितलंत?"

"कुणापुढे सांगू?" मावशी म्हणाल्या. "तुमची बोलणी खाऊन आम्ही आपापल्या घरी जाऊ. तिला याच घरात राहायचंय."