अंगठ्याची नोंद

वेंडेलला घरचा रस्ताही आठवेनासा झाला, तेव्हा त्याची मुलगी डोरीन त्याची बंदूक घेऊन एकटीच ओटिसच्या बंदुकांच्या दुकानात गेली. नव्या कायद्यामुळे बंदुकीला कुलूप होतं. नोंदवलेला अंगठा टेकवल्याशिवाय चाप हलत नसे. बापलेकीनं आपापले अंगठे इथेच नोंदवले होते.

"डॅडचा अंगठा काढून टाक," ती खाली मान घालून म्हणाली. "नऊ वर्षांची असताना त्यानंच मला नेम धरायला शिकवलं रे. आणि आज मी हे असं, त्याला न सांगता..."

ओटिसनं बंदूक यंत्राला जोडून पाहिली. "अगं, इथे तुझा एकटीचाच अंगठा आहे. त्याचा तो स्वतःच काढून गेलाय, गेल्या सप्टेंबरात. म्हणाला, डोकं आता भरवशाचं राहिलं नाही. पण डोरीनला सांगू नकोस, ती मला घरी बसवेल."

डोरीननं बंदूक जवळ ओढली. त्यानंतरचा बदकांच्या शिकारीचा अख्खा हंगाम ते दोघं दर शनिवारी पहाटे खाडीत होडी घालत होते. थवा डोक्यावर आला की तो हसत बंदूक तिच्या हातात द्यायचा. "तू मार, पोरी. मला नुसतं बघू दे."